पगाराच्या तारखा आणि बिलांच्या तारखा: जुळवणी कशी करायची

पगार महिन्याच्या खर्चाला पुरतो, कागदावर चार पैसे उरतातही, आणि तरी दर महिन्याला मधले काही दिवस खात्यात खडखडाट असतो. असं होत असेल तर खर्चाला कात्री लावण्याआधी तारखा बघा. बँक तुमच्या महिन्याची बेरीज-वजाबाकी करत बसत नाही. हप्ता कापायची वेळ येते तेव्हा खात्यात तेवढी रक्कम आहे का, एवढंच ती बघते. ५ तारखेला लागणारे पैसे १६ तारखेला येणार असतील, तर मधले ११ दिवस तुम्ही कफल्लकच. मग हप्ता परत गेला म्हणून बँक दंड लावते आणि हप्ता थकला म्हणून कर्ज देणाराही लावतो. एका चुकलेल्या तारखेचा भुर्दंड दोन्हीकडून बसतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट हवी. वर्षभराची जमाच वर्षभराच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर तारखा कितीही फिरवल्या तरी तूट भरून निघत नाही, ती फक्त पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. तो प्रश्न वेगळा आणि त्याचा उपाय वेगळा. खाली जे आहे ते बेरीज जुळते पण वेळ जुळत नाही अशा पगारदारांसाठी.

पगार नेमका कधी हातात पडतो

पगाराची तारीख म्हणून आपण जी सांगतो ती आणि पैसे खरोखर जमा होण्याची तारीख यात बऱ्याचदा फरक असतो. बँकेचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट उघडा आणि पगार प्रत्यक्षात कधी आला त्या तारखा कागदावर उतरवा. पगाराच्या दिवशी सुट्टी आली तर काही ठिकाणी आदल्या कामाच्या दिवशी पैसे येतात, काही ठिकाणी पुढच्या. जोडून सुट्ट्या असल्या की हा फरक तीन-चार दिवसांवर जातो. नियोजनासाठी या सगळ्यांतली सर्वांत उशिराची तारीख धरायची. पगार लवकर आला तर कुणाचं बिघडत नाही.

पगाराची पद्धतही नीट ओळखा, कारण गणित तिच्यावर ठरतं. मासिक पगार वर्षातून १२ वेळा येतो. महिन्यातून दोनदा, म्हणजे ठरलेल्या दोन तारखांना मिळणारा पगार २४ वेळा. दर दोन आठवड्यांनी मिळणारा २६ वेळा, आणि साप्ताहिक ५२ वेळा. मधले दोन प्रकार सारखे वाटतात, पण २४ आणि २६ यात पूर्ण महिन्याच्या पगाराएवढा फरक आहे. दर दोन आठवड्यांनी पगार घेणाऱ्याला वर्षातले दहा महिने दोन पगार मिळतात आणि दोन महिने तीन. अशा माणसाने आपलं महिन्याचं उत्पन्न २६ भागिले १२, म्हणजे सव्वादोन पगारांच्या आसपास धरलं, तर हिशेब बरोबर असूनही दहा महिने तूट पडते. महिन्याची बिलं दोनच पगारांत बसवायची. तिसऱ्या पगाराचं काय करायचं ते पुढे येईल.

वर्षभराची बिलं एका कागदावर

महिन्याभराची बिलं डोक्यात असतात. घात करतात ती वर्षातून एकदा-दोनदा येणारी: विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, मुलांची फी, वाहनाची कागदपत्रं, एखाद्या ॲपची वर्षभराची वर्गणी. म्हणून यादी आठवणीने करू नका. बँक आणि कार्डाची १२ महिन्यांची स्टेटमेंट्स घ्या आणि ओळन् ओळ वाचत जा. हे काम कंटाळवाणं आहे, एका बैठकीत उरकून टाकावं. त्यातून एखादी विसरलेली वर्गणी हमखास सापडते आणि तिथेच बंद करता येते.

प्रत्येक बिलापुढे पाच गोष्टी लिहा: रक्कम, बिल निघण्याची तारीख, भरण्याची शेवटची तारीख, पैसे कसे जातात (आपोआप कापले जातात की तुम्ही भरता), आणि उशीर झाला तर काय होतं. रक्कम दर वेळी वेगळी येत असेल, जसं विजेचं बिल, तर सरासरी लिहू नका. वर्षातला सर्वांत मोठा आकडा लिहा.

पाचवी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि अडचणीच्या महिन्यात तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते. उशिराची शिक्षा प्रत्येक बिलाची वेगळी असते. एखाद्या वर्गणीचं बिल थकलं तर सेवा थांबते, पैसे भरले की पुन्हा सुरू होते. कर्जाचा हप्ता थकला तर दंड लागतो आणि त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुम्ही कर्जं कशी फेडता याच्या नोंदीत, होऊ शकते. विम्याचा हप्ता सवलतीच्या मुदतीतही भरला नाही तर संरक्षणच संपतं, आणि ते पुन्हा सुरू करताना वैद्यकीय तपासणी किंवा नव्या अटी येऊ शकतात. या स्तंभात ‘थोडा दंड’, ‘मोठा दंड’, ‘सेवा बंद’, ‘नोंद खराब’ एवढं लिहिलं तरी पुरे.

शेवटच्या तारखेबद्दल आणखी एक. त्या तारखेला तुम्ही पैसे पाठवणं आणि त्या तारखेला ते समोर जमा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी. पैसे कोणत्या मार्गाने जातात त्यावर ते काही क्षणांत पोचतील की दोन-तीन कामाचे दिवस घेतील हे ठरतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी दिवसाची वेळही ठरलेली असते, तिच्यानंतर आलेली रक्कम दुसऱ्या दिवसात धरली जाते. यादीत प्रत्येक शेवटची तारीख तीन दिवस अलीकडे ओढून लिहा आणि तीच खरी मानून चाला.

सर्वांत खालची शिल्लक शोधा

आता मुख्य काम. महिनाअखेर किती उरतं हे थोडा वेळ विसरा. महिन्यातल्या सर्वांत वाईट दिवशी खात्यात किती असतं ते शोधायचं आहे.

उदाहरण घेऊ. महिन्याचा एकूण पगार १०० धरू, १ आणि १६ तारखेला प्रत्येकी ५० असा. खर्च असा आहे:

५ तारखेला घरभाडं २८
७ तारखेला कर्जाचा हप्ता १४
१० तारखेला वीज ४
१२ तारखेला फोन आणि इंटरनेट ३
१४ तारखेला क्रेडिट कार्ड १२
२० तारखेला फी ६
२५ तारखेला विमा ३
किराणा, प्रवास असा रोजचा खर्च: प्रत्येक पंधरवड्यात १२

सगळं मिळून ९४, म्हणजे महिन्याला ६ उरतात. कागदावर झकास. पण पंधरवड्यांत विभागून पाहिलं तर पहिल्या भागात ५० येतात आणि ७३ जातात. दुसऱ्यात ५० येतात आणि २१ जातात. महिना शून्यापासून सुरू केला तर ७ तारखेचा हप्ता कसाबसा निघतो, १० तारखेच्या विजेच्या बिलाला पैसे कमी पडतात, आणि १५ तारखेपर्यंत खड्डा २३ चा होतो.

दुसरा पंधरवडा पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण तेव्हा खात्यात २९ जास्तीचे दिसतात. ते जास्तीचे नाहीत. त्यातले २३ पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याचे आहेत, त्यांच्यावर नाव लिहिलेलं नाही इतकंच. नाव नसलेले पैसे खर्च होतात. शिस्तीच्या माणसाचेही होतात, कारण शिल्लक पाहून निर्णय घ्यायची सवय सगळ्यांनाच असते.

तुमचा असाच तक्ता करा. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये १ ते ३१ तारखा खाली खाली लिहा, प्रत्येकीपुढे आलेले पैसे, गेलेले पैसे आणि उरलेली शिल्लक. रोजचा खर्च एकरकमी न लिहिता दिवसांत वाटून टाका, नाहीतर खड्डा कुठल्या दिवशी पडतो ते कळणार नाही. दोन महिन्यांचा तक्ता केला की सर्वांत खालचा आकडा आणि त्याची तारीख समोर येते. तो आकडा उणे असेल, तर त्याच्या आधीच्या दिवसांतली कोणती बिलं पुढे सरकवली की तो वर येतो, हे आता बघायचं.

कोणती तारीख हलवायची आणि कशी

वरच्या उदाहरणात दोनच बदल पुरतात. कर्जाचा हप्ता ७ वरून २० तारखेला आणि कार्ड १४ वरून २४ तारखेला. मग पहिल्या पंधरवड्यात ४७ जातात आणि दुसऱ्यातही ४७. दोन्हीकडे ३ उरतात. पगार तोच, खर्च तोच, आणि उणे शिल्लक गायब.

सगळी बिलं हलवायची गरज नसते. रक्कम मोठी असलेली आणि तारीख बदलून मिळण्याची शक्यता असलेली दोन-तीन निवडा. क्रेडिट कार्डाची तारीख बहुधा सहज बदलते, पुष्कळदा ॲपमधूनच. कर्जाच्या हप्त्याची तारीख काही ठिकाणी बदलून देतात, काही ठिकाणी कर्ज चालू असताना एकदाच, आणि कधी त्यासाठी शुल्क असतं. फोन, इंटरनेट, विमा यांना विचारून बघायला हरकत नाही. वीज-पाण्याचं बिल मीटर वाचण्याच्या वेळापत्रकाला बांधलेलं असतं, ते सहसा हलत नाही. घरभाडं घरमालकाशी बोलण्यावर आहे. तो स्वतःही त्या भाड्यातून काही हप्ता भरत असेल, तर नकार समजून घ्यावा.

विचारताना कारण साधं सांगा: “माझा पगार सोळा तारखेला जमा होतो, हप्त्याची तारीख वीस करता येईल का?” यात संकोचण्यासारखं काही नाही, पैसे वेळेवर यावेत हे त्यांनाही हवंच असतं. होकार मिळाला की लगेच फोन ठेवू नका. नवी तारीख कोणत्या महिन्यापासून लागू होणार? मधल्या वाढीव दिवसांचं व्याज लागेल का, लागलं तर किती? ऑटो-डेबिटची तारीख आपोआप बदलेल की नवी मंजुरी द्यावी लागेल? हे विचारा आणि उत्तर ईमेलवर किंवा मेसेजवर मागून घ्या. या तिसऱ्या प्रश्नात खूप जण अडकतात: कर्जखात्यावर तारीख बदलते, पण बँकेला दिलेली जुनी सूचना जुन्याच तारखेला पैसे मागत राहते.

बदलाच्या महिन्यात थोडा गोंधळ होतोच. कार्डाची शेवटची तारीख पुढे गेली की स्टेटमेंटची तारीखही सरकते, त्यामुळे एखादं चक्र नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड होतं, आणि आखूड झालं तर थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन बिलं समोर येतात. म्हणून एका महिन्यात एकच मोठं बिल हलवा. नवी व्यवस्था लागल्याचं एका स्टेटमेंटमध्ये दिसलं की मग दुसरं.

नवी तारीख पगारापासून किती लांब असावी? पगाराच्याच दिवशी कधीच नाही. पगार एक दिवस उशिरा आला की त्या दिवसाला बांधलेली सगळी ऑटो-डेबिट एकदम कोसळतात. फार लांबही नको, कारण मधल्या दिवसांत पैसे झिरपतात. नेहमीच्या पगारानंतर चार-पाच दिवस हे अंतर मला सर्वांत सोयीचं वाटतं. सुट्टी मध्ये आली तरी ते तग धरतं.

दर दोन आठवड्यांच्या पगाराचं गणित वेगळं

पगार ठरलेल्या वाराला, दर १४ दिवसांनी येत असेल तर वरची युक्ती अर्धीच चालते. पगाराची तारीख दर महिन्याला बदलते. ५ तारखेचं भाडं कधी पगाराच्या दुसऱ्या दिवशी येतं, कधी पगार होऊन दहा-बारा दिवस झाल्यावर. इथे बिलाला पगाराच्या तारखेशी बांधता येत नाही.

इथे अर्ध्याचा नियम वापरा. प्रत्येक मासिक बिलाची निम्मी रक्कम प्रत्येक पगारातून बाजूला काढायची, बिलाची तारीख कुठेही असो. कोणताही महिना २८ दिवसांपेक्षा लहान नसतो आणि २८ दिवसांत १४ दिवसांचे दोन पगार येतातच, त्यामुळे एका शेवटच्या तारखेपासून पुढच्या शेवटच्या तारखेपर्यंत दोन अर्धे नक्की जमतात. सुरुवात मात्र बिल नुकतं भरून झाल्यावर करा, नाहीतर पहिल्याच वेळी एक अर्धा कमी पडेल. साप्ताहिक पगारवाल्यांनी हेच चौथ्या हिश्शाने करायचं.

आणि याचा एक गोड परिणाम आहे. २६ अर्धे म्हणजे १३ पूर्ण. १२ महिन्यांची बिलं भरून वर्षाच्या शेवटी एका महिन्याच्या बिलांइतकी रक्कम जादा जमा झालेली असते. साप्ताहिक हिशेबातही ५२ चतुर्थांश म्हणजे १३ च. तीन पगारांच्या महिन्यातला तिसरा पगार तो हाच, फक्त हळूहळू वळता झालेला. म्हणून त्या महिन्यात बक्षीस लागल्यासारखं वागू नका, बाजूला काढायचा हिस्सा तिसऱ्या पगारातूनही काढायचाच.

न हलणारी बिलं

तारीख बदलून मिळत नसेल तर पैसे आधी बाजूला ठेवायचे, दुसरा उपाय नाही. वरच्या उदाहरणात कर्जाची तारीख ७ च राहिली, तर १६ तारखेच्या पगारातून १४ काढून वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ७ तारखेला तिथून जाऊ द्यायचे. दुसऱ्या पंधरवड्यात दिसणाऱ्या २९ मधले हे १४. आता त्यांना नाव मिळालं.

बिलांसाठी वेगळं खातं उघडणं, हा या सगळ्यातला सर्वांत किफायतशीर बदल आहे असं माझं मत. पगार एका खात्यात येतो. दुसऱ्या दिवशी बिलांची ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाते, आणि सगळी ऑटो-डेबिट त्याच खात्याला जोडलेली असतात. पहिल्या खात्यात जे उरतं ते निश्चिंतपणे खर्चायचं. पुढच्या पगारापर्यंतच्या दिवसांनी त्याला भागलं की रोजची मर्यादा मिळते. महिन्यातून दोनदा पगार असेल तर दिवस मोजताना काळजी घ्या: १६ पासूनचा भाग महिन्याप्रमाणे १३ ते १६ दिवसांचा असतो, आणि ३१ दिवसांच्या महिन्यात नेमका शेवटचा दिवस जड जातो. दुसरं खातं निवडताना किमान शिल्लक आणि शुल्क तपासा, नाहीतर दंड टाळण्यासाठी उघडलेलं खातंच दंड लावेल.

काही जण न हलणारी बिलं पगार होताच आधीच भरून मोकळे होतात. विजेचं किंवा फोनचं आलेलं बिल लवकर भरण्यात काही धोका नाही. कर्ज आणि कार्ड यांच्या बाबतीत मात्र जपून. कर्जखात्यात हप्त्याच्या तारखेआधी पाठवलेली रक्कम काही ठिकाणी मुद्दलाची जादा परतफेड म्हणून धरली जाते, आणि ठरलेल्या दिवशी हप्ता पुन्हा कापला जातो. कार्डाचं नवं स्टेटमेंट निघण्याआधी भरलेले पैसे आधीच्या बाकीत जमा होतात. नव्या स्टेटमेंटवर बाकी राहिलीच, तर ती त्याच्या स्वतःच्या मुदतीत पुन्हा भरावी लागते. ‘मी या महिन्यात भरलं होतं’ असं सांगून तिथे दंड टळत नाही.

वर्षातून एकदा येणारी बिलं

पहिल्या वर्षी रक्कम उरलेल्या पगारांनी भागा, त्यानंतर वर्षाच्या एकूण पगारांनी. विमा पाच महिन्यांनी असेल आणि पगार मासिक असेल, तर आधी पाच समान भाग, आणि तो भरून झाला की पुढच्या वर्षासाठी बारा. पहिलं वर्ष जड जातं. फार जड जात असेल तर हप्ता सहामाही किंवा तिमाही करून मिळतो का ते विचारा, पण वार्षिक भरणा बहुधा स्वस्त पडतो, म्हणून ही सोय एका वर्षापुरतीच घ्यावी.

क्रेडिट कार्डाच्या दोन तारखा

कार्डाला स्टेटमेंट निघण्याची एक तारीख असते आणि भरण्याची एक. दोन्हींत साधारण तीन आठवड्यांचं अंतर. स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशी केलेली खरेदी पुढच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी भरायची असते, म्हणजे जवळपास ५० दिवस बिनव्याजी. स्टेटमेंटच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम २० दिवस मिळतात. ठरलेली मोठी खरेदी असेल तर एक-दोन दिवस थांबण्याने मध्ये एक किंवा दोन पगार जास्त येतात. हा फायदा खरा आहे.

पण तो फक्त संपूर्ण बाकी भरणाऱ्यांनाच मिळतो. किमान रक्कम भरून बाकी पुढे नेली की सहसा नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं आणि तारखांच्या सगळ्या युक्त्या फुकट जातात. त्या स्थितीत असाल तर कार्ड बाजूला ठेवा, रोजचा खर्च खात्यातून करा आणि जुनी बाकी आधी संपवा. तारखांचा विचार नंतर.

पंधरवड्याच्या पगारवाल्यांनी एक करून बघण्यासारखं आहे: स्टेटमेंट आल्यावर बिल दोन भागांत भरायचं, निम्मं हातात आलेल्या पगारातून, निम्मं शेवटच्या तारखेआधीच्या पुढच्या पगारातून. तीन आठवड्यांत १४ दिवसांचा एक पगार येतोच. दुसरा भाग विसरू नये म्हणून तो पहिला भरतानाच पुढच्या तारखेला लावून ठेवा.

ऑटो-डेबिटला काय सोपवायचं

रक्कम ठरलेली आणि चुकल्यास शिक्षा मोठी, अशी बिलं ऑटो-डेबिटवर टाका: कर्ज, विमा, भाडं. बदलत्या रकमेच्या बिलांसाठी आधी मेसेज येईल आणि तुम्ही पाहून भराल अशी व्यवस्था ठेवा. तीही आपोआप जावीत असं वाटत असेल, तर मंजुरी देताना कमाल मर्यादा किती ठेवली आहे ते बघा. उन्हाळ्यात किंवा थंडीत विजेचं बिल त्या मर्यादेच्या वर गेलं तर पैसे जातच नाहीत, आणि आपण मात्र भरलं गेलं या समजुतीत राहतो. कार्डाचं ऑटो-डेबिट लावताना ‘किमान रक्कम’ आणि ‘संपूर्ण रक्कम’ यातला कोणता पर्याय निवडला गेलाय हे दोनदा वाचा.

जुनं कार्ड बदलून नवं आलं की त्याला जोडलेल्या वर्गण्या आणि बिलं तपासा. काही आपोआप नव्या कार्डावर जातात, काही जात नाहीत, आणि न गेलेलं बिल कळतं ते दंडाच्या मेसेजमधूनच.

गंगाजळी

तारखा जुळल्या तरी उदाहरणातल्या घरात पंधरवड्याअखेर ३ च उरतात. एवढ्याशा फटीवर वर्ष काढणं ताणाचंच. बिलांच्या खात्यात निदान एका मोठ्या बिलाएवढी रक्कम कायम पडून असावी, आणि जमलं तर हळूहळू ती पूर्ण महिन्याच्या पगाराएवढी व्हावी. तिथे पोचलात की या महिन्याच्या पगारातून पुढच्या महिन्याची बिलं भरली जातात, आणि मग कोणतं बिल कधी येतं याला फारसा अर्थ उरत नाही. तारखांच्या जुळवणीतून शेवटी सुटका होते ती इथे.

ही रक्कम कुठून आणायची? अर्ध्याच्या नियमातून उरणारा तेरावा महिना, बोनस, कराचा परतावा, संपलेल्या कर्जाचा पहिला मोकळा हप्ता, आणि दर पंधरवड्याला उरणारे ते ३. शेवटचा मार्ग संथ आहे. तरी बाकीचे योग येईपर्यंत तोच चालू ठेवावा लागतो.

पगार उशिरा आला तर

बिलांच्या यादीतला पाचवा स्तंभ, उशिराच्या शिक्षेचा, आता कामाला येतो. घर, विमा, कर्ज, वीज-पाणी आधी. वर्गण्या आणि थोड्या दंडाची बिलं शेवटी. ज्यांचं बिल थकणार आहे त्यांना शेवटच्या तारखेच्या आधी फोन करा. आधी सांगितलं तर मुदत वाढवून मिळण्याची किंवा दंड माफ होण्याची शक्यता असते, नंतर सांगितलं तर ती बरीच कमी होते. ऑटो-डेबिट थांबवायचं असेल तर बँकेला काही दिवस आधी कळवावं लागतं, त्याच सकाळी सांगून उपयोग होत नाही.

घरात दोन पगार

दोघांच्या पगाराच्या तारखा वेगळ्या असतील तर ती अडचण नसून सोय आहे. एकाचा १ ला आणि दुसऱ्याचा १५ ला येत असेल, तर महिन्यातून दोनदा पगार येणारं घर तयारच झालं. घोटाळा होतो तो ‘भाडं तुझं, हप्ता माझा’ अशी वाटणी तारखा न बघता केल्यामुळे. बिलं तारखांनुसार वाटा, रकमेचा समतोल रोजच्या खर्चातून साधा. आणि यादी दोघांच्याही फोनवर असू द्या.

नोकरी बदलताना

सगळी घडी विस्कटते ती इथे. जुन्या नोकरीचा शेवटचा हिशेब नेहमीच्या पगाराबरोबर येईलच असं नाही. नव्या नोकरीत रुजू होण्याचा दिवस पगाराचा हिशेब बंद होण्याच्या तारखेनंतरचा असेल तर पहिला पगार पुढच्या चक्रात जातो, आणि पगाराची पद्धतच साप्ताहिकावरून मासिक झाली तर मधलं अंतर आणखी वाढतं. ऑफर स्वीकारतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: पगार कोणत्या दिवशी होतो, तो कोणत्या कालावधीचा असतो आणि माझा पहिला पगार कधी. उत्तरं मिळाली की त्या दोन महिन्यांचा तारीखवार तक्ता पुन्हा मांडा आणि सर्वांत खालची शिल्लक पाहा. रुजू होण्याचा दिवस ठरवणं तुमच्या हातात असेल, तर तो आठवडाभर अलीकडे घेतल्यानेही पहिला पगार एक चक्र आधी मिळू शकतो. बिलांच्या तारखा मात्र लगेच बदलून घेऊ नका. नव्या ठिकाणचे निदान दोन पगार खात्यात जमा झालेले दिसू द्या, मग पहिला फोन करा.